व्याख्यान ऐकताना वहीत दोन तारखा लिहा

प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून इतिहास आणि जागतिक घडामोडी शिकायच्या आहेत, पैसे खर्चायचे नाहीत. दोन वर्षांत दीडशेच्या वर व्याख्यानं सेव्ह करून ठेवली, चाळीसेक ऐकलीही, पण कुणी विषय काढला तर सलग पाच मिनिटं बोलता येत नाही. तेव्हा सुरुवात कुठून करावी, खरोखर मोफत काय आहे, आणि सर्टिफिकेटचा काही उपयोग होतो का?

मी बावीस वर्षं इतिहास शिकवतो. गेली बारा वर्षं एक छोटा श्रवणगटही चालवतो. पाच-सहा जण एकच व्याख्यान आपापल्या घरी ऐकून येतात आणि मग आम्ही दीड तास त्यावर वाद घालतो. तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आलेले बरेच जण या गटातून गेले, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देतो.

चाळीस ऐकून काही आठवत नाही यात नवल नाही. वक्ता मुरलेला असला की ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. दुसऱ्या दिवशी हातात उरतात दोन विनोद आणि एखादा किस्सा. त्यात चाळीस व्याख्यानं चाळीस विषयांवरची असली तर एकाला दुसऱ्याचा आधारही मिळत नाही. गटात नवा माणूस आला की त्याला मी एकच सवय लावतो. वहीचं पान उघडायचं आणि डोक्यावर दोन तारखा लिहायच्या. पहिली, हे व्याख्यान दिलं कधी? दुसरी, वक्ता गोष्ट कुठल्या वर्षापासून सुरू करतो? बाकी टिपणं काढा किंवा काढू नका, या दोन तारखा मात्र चुकवायच्या नाहीत.

पहिल्या तारखेचं महत्त्व मला फजिती होऊन कळलं. क्यूबातला क्षेपणास्त्रांचा पेच हा माझा आवडता तास. १६ ऑक्टोबर १९६२ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यासमोर क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची हवाई छायाचित्रं आली, २२ ला त्यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून नाकेबंदी जाहीर केली, २८ ला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं मान्य केलं. एक बाजू ठाम राहिली म्हणून दुसरी नमली, अशा थाटात मी हे वर्षानुवर्षं रंगवून सांगत असे. एकदा तास संपल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, मग तुर्कस्तानातल्या ज्युपिटर क्षेपणास्त्रांचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती आदल्याच आठवड्यात एक ताजं रेकॉर्डिंग ऐकून आली होती. माझी टिपणं माझ्या विद्यार्थिदशेतली, एका जुन्या कॅसेटवरून उतरवलेली.

घरी जाऊन शोधलं तेव्हा माझ्या गोष्टीचा अर्धा भाग गायब असल्याचं दिसलं. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले होते. तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काही महिन्यांत हलवू, पण याची वाच्यता होता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. एप्रिल १९६३ पर्यंत ती हललीही. पुढे १९८९ मध्ये मॉस्कोतल्या एका परिषदेत केनेडींचे सहकारी थिओडोर सोरेन्सन यांनी कबूल केलं की रॉबर्ट केनेडींच्या डायरीत हा सौदा स्पष्ट लिहिलेला होता आणि छपाईसाठी मजकूर तयार करताना आपणच तो काढून टाकला. १९९२ मध्ये हवानात परिषद झाली, तिथे कळलं की क्यूबात रणभूमीवर वापरायची छोटी अण्वस्त्रंही पोचलेली होती. सोव्हिएत सैनिक होते सुमारे ४२ हजार, आणि अमेरिकेचा त्या वेळचा अंदाज जेमतेम दहा हजारांच्या घरातला. २००२ ला पुन्हा हवानात परिषद, आणि बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवरच्या अण्वस्त्रधारी टॉर्पेडोची हकीगत सगळीकडे पसरली.

म्हणजे याच विषयावरचं १९८५ चं, १९९५ चं आणि २००५ चं व्याख्यान ही तीन वेगळी व्याख्यानं आहेत. वक्ते तिन्ही प्रामाणिक असतील, पण त्यांच्यासमोरचे कागद वेगळे. पानावर नुसतं "क्यूबा" लिहिलंत तर तीन वर्षांनी तुम्हाला कळणार नाही की तुमच्या डोक्यात यातला कुठला क्यूबा आहे. त्या मुलीने मला चूक म्हटलं नव्हतं, फक्त नवा कागद दाखवला होता. तेव्हापासून माझ्या जुन्या टिपणांवर मी लाल शाईने वर्षं घालत बसलो. निम्म्यांवर घालता आली नाहीत, ती फेकून दिली.

जागतिक घडामोडींच्या बाबतीत ही तारीख वर्षाची नव्हे तर दिवसाची लागते. फेब्रुवारी २०२२ च्या पहिल्या पंधरवड्यातल्या चर्चा आजही ऐकता येतात. रशिया युक्रेनवर चाल करून जाईल का, यावर भल्याभल्या जाणकारांमध्ये दोन तट होते. २४ फेब्रुवारीला प्रश्न निकालात निघाला. गटात आम्ही मुद्दाम अशा शिळ्या चर्चा ऐकतो. ज्यांचा अंदाज चुकला त्यांची टर उडवायला नाही. अंदाज चुकला तरी कुणाचं कारण-विश्लेषण टिकलं, आणि अंदाज बरोबर येऊनही कुणाची कारणं पोकळ निघाली, हे बघायला. वक्ता पारखायची याहून स्वस्त रीत मला सापडलेली नाही. आजच्या विषयावर कुणाचं ऐकावं असा प्रश्न पडला की त्याच माणसाचं तीन-चार वर्षांपूर्वीचं एखादं भाषण काढा.

आता दुसरी तारीख. ही जास्त मजेची आहे, कारण ती वक्ता बोलून दाखवत नाही, आपण पकडायची असते. गोष्ट कुठून सुरू केली यावर तिचा शेवट बऱ्याच अंशी ठरतो.

पहिलं महायुद्ध घ्या. साराएव्होत ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड यांची हत्या झाली ती २८ जून १९१४ ला. तिथून सुरुवात केली तर ती एका दुर्दैवी अपघातासारखी गोष्ट होते: ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला आणि जग पेटलं. जर्मनीने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचं आश्वासन दिलं तो दिवस, म्हणजे ५ जुलै, हा आरंभ धरला तर रोख बर्लिनकडे वळतो. जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मध्ये जर्मनीच्या युद्धोद्देशांवर बोट ठेवलं तेव्हा त्यांच्याच देशात केवढा गहजब झाला होता. ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला ते १९०८ साल घेतलं तर बाल्कनमधली चढाओढ पुढे येते. इटलीने लिबियावर हल्ला केला ते १९११ घेतलं तर ऑटोमन साम्राज्याचे लचके तोडण्याची स्पर्धा दिसते. इतिहासकार क्रिस्टोफर क्लार्क आपली मांडणी १९०३ मध्ये बेलग्रेडला झालेल्या सर्बियाच्या राजा-राणीच्या हत्येपासून सुरू करतात, त्यामुळे सर्बियातले कटवाले अधिकारी पहिल्यापासून प्रकाशात राहतात. यातलं एकही साल खोटं नाही. पण पाच वक्त्यांनी पाच ठिकाणांहून सुरुवात केली, की दोष पाच वेगवेगळ्या दारांत जाऊन पडतो.

एकदा ही खोड लागली की कोर्सची नावंसुद्धा बोलायला लागतात. येल विद्यापीठाने २००७ च्या अखेरीस आपले काही वर्ग पूर्ण चित्रित करून मोफत खुले करायला सुरुवात केली. त्यात डेव्हिड ब्लाइट यांचा अमेरिकन यादवी युद्धावरचा वर्ग आहे, २७ व्याख्यानांचा. युद्ध झालं १८६१ ते १८६५, आणि कोर्सच्या नावात वर्षं आहेत १८४५ ते १८७७. अलीकडे सोळा, पलीकडे बारा. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची की नाही यावरचं भांडण आधी, आणि मुक्त झालेल्या लोकांचे हक्क देऊन पुन्हा काढून घेण्याची कहाणी नंतर. नुसत्या लढाया ऐकायला गेलेला माणूस तिथे थोडा कंटाळतो, पण युद्ध कशासाठी होतं हे त्याला पुन्हा विचारावं लागत नाही. तिथेच पॉल फ्रीडमन यांचा पूर्व-मध्ययुगावरचा वर्ग आहे, वर्षं २८४ ते १०००. रोमचं पतन म्हटलं की पाठ्यपुस्तक ४७६ सांगतं. फ्रीडमन सुरू करतात सम्राट डायोक्लेशन गादीवर आला त्या वर्षापासून. म्हणजे पडझड कधी झाली याऐवजी साम्राज्य आतून कसं बदलत गेलं, हा प्रश्न पहिल्याच तासाला टेबलावर येतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकतो. सुरुवात सुट्या व्याख्यानांपासून नको, एका अख्ख्या वर्गापासून करा. वर्गात चित्रित झालेला कोर्स आणि स्टुडिओत सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत केलेला कोर्स यात मी पहिल्याला झुकतं माप देतो. वर्गातला शिक्षक चुकतो, मागे जातो, मागच्या मंगळवारी सांगितलेलं पुन्हा सांगतो, आणि त्या पुनरुक्तीतच विषय मुरतो. तुकड्यांचा कोर्स दिसायला देखणा असतो, पण प्रत्येक तुकडा संपला की आपला हात मोबाईलकडे जातो. येलच्या संचात डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीसवरचा २४ व्याख्यानांचा वर्ग आहे, जॉन मेरिमन यांचा १६४८ ते १९४५ च्या युरोपावरचा आहे. मेरिमन विषय सोडून भरकटतात अशी आमच्या गटातल्या एकाची कायमची तक्रार. मला ते भरकटणंच आवडतं. त्याच विद्यापीठात टिमथी स्नायडर यांनी २०२२ च्या शरद सत्रात आधुनिक युक्रेनच्या जडणघडणीवर शिकवलेला वर्गही जसाच्या तसा यूट्यूबवर आहे. बातमीतला देश हजार वर्षांच्या पट्टीवर ठेवून बघायचा असेल तर तो घ्या. पण तो युद्ध चालू असताना, एका बाजूबद्दलची सहानुभूती न लपवता शिकवलेला आहे, हे पहिल्या तारखेच्या रकान्यात लिहून ठेवा.

सुट्या व्याख्यानांत पहिला मान लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजचा. व्यापारी सर थॉमस ग्रेशॅम यांच्या मृत्युपत्राप्रमाणे १५९७ पासून तिथे लोकांसाठी मोफत व्याख्यानं होत आली आहेत. मूळ सात अध्यासनांत खगोल, भूमिती, कायदा, संगीत असे विषय होते, इतिहासाचं अध्यासन नव्हतं. आज मात्र इतिहासाची व्याख्यानं तिथे भरपूर मिळतात. १६६० मध्ये तिथेच क्रिस्टोफर रेन यांचं व्याख्यान आटोपल्यावर काही श्रोते थांबले, बोलत बसले, आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटी ही विज्ञानसंस्था उभी राहिली. व्याख्यानानंतर लगेच घरी पळू नये, याला इतकं जुनं प्रमाण आहे. ग्रेशॅमचा आणखी एक फायदा म्हणजे बहुतेक व्याख्यानांसोबत लिखित मजकूर मिळतो. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

पॅरिसचं कोलेज द फ्रान्स त्याहून जुनं, १५३० चं. नावनोंदणी नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. दार उघडं, येऊन बसा. प्राध्यापकावर अट अशी की दर वर्षी स्वतःचं चालू संशोधन मांडायचं, म्हणजे जुनी वही उघडून वेळ मारून न्यायची सोय नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको तिथे १९७० पासून १९८४ पर्यंत शिकवत. गर्दी इतकी व्हायची की ती कमी करायला त्यांनी तासाची वेळ संध्याकाळवरून सकाळी साडेनऊवर आणून पाहिली. श्रोत्यांनी टेबलावर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमुळे ती व्याख्यानं उरली आणि पुढे पुस्तकरूपात छापली गेली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र इथे घाई करू नये. बहुतेक सगळं फ्रेंचमध्ये आहे, आणि चालू संशोधन ऐकायला मागची दहा वर्षं माहीत असावी लागतात.

बीबीसीची रीथ व्याख्यानमाला १९४८ पासूनची. पहिली व्याख्यानं बर्ट्रांड रसेल यांची. मार्गारेट मॅकमिलन यांची युद्ध आणि समाज या विषयावरची २०१८ ची माला ऐका, आणि तिच्याबरोबर अर्नोल्ड टॉयन्बी यांची १९५२ ची. साठ-पासष्ट वर्षांत इतिहासकाराचा आवाज कसा बदलला ते कानाला जाणवतं. टॉयन्बी सगळ्या जगाविषयी एका दमात निर्वाळा देतात. आजचा अभ्यासक तसं बोलायला धजणार नाही.

जागतिक घडामोडींकडे वळताना एक खुलासा. या क्षेत्रात आपल्याला फुकट मिळतं ते कुणीतरी पैसे घालून उभं केलेलं असतं. परराष्ट्रधोरणावर अभ्यास आणि चर्चा करणाऱ्या संस्था घ्या: लंडनचं चॅटम हाउस १९२० चं, न्यूयॉर्कची कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स १९२१ ची, कार्नेगी एन्डाउमेंट १९१० ची. यांच्या चर्चा ऑनलाइन पाहता येतात आणि मी त्या पाहतो. पण मंचावरचा माणूस सध्या कुठल्या खुर्चीत बसलेला आहे हे आधी बघतो. पदावरचा राजदूत सरकारचं म्हणणं सांगतो. त्याच्याकडून तेवढंच घ्यावं, ते नेमकं कुठल्या शब्दांत सांगितलं याला महत्त्व असतं. निवृत्त राजदूत मोकळा बोलतो, पण स्वतःच्या कारकिर्दीचा विषय निघाला की त्याचं बोलणं पारखून घ्यावं लागतं. अशा कार्यक्रमात मी पहिली पंचवीस मिनिटं सरळ सोडतो आणि प्रश्नोत्तरांपासून सुरू करतो. भाषण तयार करून आणलेलं असतं, उत्तर नसतं. चांगला प्रश्न आला आणि वक्त्याने "फार चांगला प्रश्न" म्हणून भलत्याच विषयावर चार मिनिटं काढली, तर त्या चार मिनिटांखाली मी रेघ मारतो. खरं दुखणं तिथे असतं.

चॅटम हाउसच्या नावाने ओळखला जाणारा एक नियमही माहीत असावा. १९२७ चा. बैठकीत ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक, पण ती कोण बोललं आणि तो कुठल्या संस्थेचा हे बाहेर सांगायचं नाही. त्याचा आपल्यासाठी अर्थ इतकाच की जे आपल्याला कॅमेऱ्यावर मिळतं, ते बोलणाऱ्याने जगाला ऐकवायचं ठरवून बोललेलं असतं.

मतमतांतरं ऐकण्याआधी नियम काय आहेत ते कळावं म्हणून मी सगळ्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृक्‌श्राव्य ग्रंथालयात पाठवतो. २००८ मध्ये सुरू झालेलं, संपूर्ण मोफत. न्यायाधीश आणि प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर बसून अगदी कोरडेपणाने एकेक विषय समजावतात. मनोरंजन शून्य, पण त्याचा उपयोग बघा. दक्षिण चीन समुद्राच्या बातम्या आपण रोज वाचतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल ही देशाची हद्द, आणि २०० मैलांपर्यंत मासे, तेल वगैरेंवर आर्थिक हक्क. त्याच कराराच्या १२१ व्या कलमात एक ओळ आहे: ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्याला ते २०० मैल मिळत नाहीत. ही एक ओळ माहीत असली की इवल्याशा खडकांवरून एवढे वाद का होतात, आणि १२ जुलै २०१६ च्या लवाद निवाड्याने त्याच समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहातल्या एकाही भूभागाला २०० मैलांचा हक्क नाही असं म्हटल्यावर चीनने तो निवाडा का धुडकावला, हे आपोआप उलगडतं. कायद्यावरचं एक तासाचं कंटाळवाणं व्याख्यान वर्षभराच्या बातम्या वाचायला पुरतं.

आता मोफत म्हणजे नेमकं काय. येल, ग्रेशॅम, संयुक्त राष्ट्रं यांचं सरळ आहे, खातंही उघडावं लागत नाही. कोर्सेरा, एडएक्स, फ्यूचरलर्न यांसारख्या मंचांवर दार उघडं पण कपाटाला कुलूप, अशी स्थिती असते. कुठे व्हिडिओ बघता येतात पण असाइनमेंट तपासून मिळत नाही, कुठे ठरावीक आठवड्यांनंतर दार बंद, कुठे फक्त पहिला भाग उघडा. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून कुणाचा दोन वर्षांपूर्वीचा सल्ला प्रमाण मानू नका. नाव नोंदवण्याआधी त्या कोर्सच्या पानावर आज काय लिहिलंय ते वाचा. कार्डाचा नंबर मागणारी "मोफत चाचणी" मी स्वतः घेत नाही, रद्द करायची तारीख माझ्या लक्षात राहत नाही.

सर्टिफिकेटबद्दल मी थोडा पूर्वग्रहदूषित आहे, ते धरून ऐका. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२-१३ मधल्या आपल्या पहिल्या १७ ऑनलाइन कोर्सचे आकडे प्रसिद्ध केले होते. नोंदण्या ८,४१,६८७, सर्टिफिकेट मिळवणारे ४३,१९६. शंभरात पाच. यावरून बाकीचे पंचाण्णव वाया गेले असं म्हणायची पद्धत पडली, पण त्याच आकड्यांत सुमारे ३६ हजार असे होते ज्यांनी अर्ध्याहून जास्त कोर्स पाहिला आणि सर्टिफिकेट घेतलं नाही. माझी सहानुभूती या लोकांकडे. नोकरीत बढतीसाठी कागद लागत असेल तर जरूर घ्या, नियम विचारून घ्या. स्वतःसाठी शिकताय तर त्या पैशात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या वेळात, दुसरा वर्ग ऐकून होईल. मोफत व्याख्यानांची चारशे-पाचशे वर्षं जुनी ती दोन घराणी, ग्रेशॅम आणि कोलेज द फ्रान्स, पदवी देतच नाहीत.

ऐकण्याच्या रीतीबद्दल थोडं. दीडपट वेग मी बातम्यांच्या चर्चेला लावतो, इतिहासाच्या वर्गाला नाही. तिथे वक्ता थांबतो ते आपल्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. इंग्रजी उच्चार जड जात असतील तर आधी लिखित मजकूर वाचून मग ऐका, लाज वाटायचं कारण नाही. यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या सबटायटलवर मात्र विशेषनामं आणि आकडे यांच्यासाठी अजिबात विसंबू नका. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" यांची गफलत होऊन आमच्या गटातल्या एकाने १९१५ ची गॅलिपोलीची लढाई १९५० मध्ये नेऊन ठेवली होती आणि तो त्यावर हिरिरीने बोललाही.

आणि एक काम, जे बहुतेक जण टाळतात. दर तीन-चार व्याख्यानांमागे एक मूळ कागद वाचायचा. येलच्या कायदा शाखेचा अ‍ॅव्हलॉन संग्रह, वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरचा शीतयुद्धाचा डिजिटल संग्रह, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे १८६१ पासून छापले जाणारे खंड, हे सगळं मोफत आहे. पुन्हा जुलै १९१४ चंच उदाहरण देतो. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, ४८ तासांची मुदत, दहा मागण्या. बहुतेक लोक व्याख्यानातून "सर्बियाने तो फेटाळला" एवढं घेऊन बाहेर पडतात. २५ जुलैचं सर्बियाचं उत्तर काढून वाचा, दहा मिनिटं लागतात. बऱ्याच मागण्या मान्य, काही अटी घालून किंवा शब्द फिरवून मान्य. स्पष्ट नकार आहे तो सहाव्या मागणीला, म्हणजे हत्येच्या न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी बसवायला. गटात हा कागद वाचल्यावर दर वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो इतकं नमूनही युद्ध झालं. दुसरा म्हणतो नीट वाचा, हे नमणं नाही, वकिली आहे. इतके दिवस वक्त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणारे लोक त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर बोट ठेवून बोलतात.

तेव्हा तुम्ही असं करा. ती दीडशेची यादी तूर्त मिटून ठेवा, पुसू नका. एक वर्ग निवडा. मी तुमच्या जागी असतो तर ब्लाइट यांचा घेतला असता, कारण त्यात इतिहास आणि त्या इतिहासावरून आजवर चाललेलं राजकारण दोन्ही आहे. आठवड्याला दोन व्याख्यानं, म्हणजे सव्वातीन महिने. व्याख्यान संपल्यावर वही मिटून, आठवेल ते पाच वाक्यांत लिहा. सुरुवातीला दोनच सुचतील. जागतिक घडामोडींना आठवड्यातून एकच तास द्या, आणि सहा महिने एकच प्रदेश धरा. एखादा ओळखीचा माणूस सोबतीला मिळाला तर फारच छान. त्याला विषयाची आवड असलीच पाहिजे असं नाही, "म्हणजे काय?" असं न कंटाळता विचारणारा हवा.

आणि पहिली तारीख लिहिताना एक काळजी घ्या. यूट्यूबवर व्हिडिओखाली दिसते ती चढवल्याची तारीख. केगन यांचा वर्ग २००७ च्या शरद सत्रातला आहे, चॅनेलवर तो नंतर आला. जुनी रेकॉर्डिंगं दुसरंच कुणी नव्या नावाने पुन्हा चढवतं तेव्हा तर पाच-दहा वर्षांचाही फरक पडतो. व्याख्यान खरोखर कधी झालं ते वर्णनात शोधा. तिथे नसेल तर परिचय करून देणाऱ्याची पहिली दोन मिनिटं ऐका, बहुतेक वेळा तो बोलण्याच्या ओघात सांगून जातो.